पंखाचं सामान

विमानाचं नाव काढलं की दुकानदार फोन ठेवून देत. चित्रकलेच्या निवृत्त मास्तरांनी दुपारपर्यंत हा अनुभव चारदा घेतला होता. गॅरेजमध्ये त्यांच्या घरगुती विमानाचा उजवा पंख आठ महिने आडवा पडला होता. थर्माकोल तापलेल्या तारेनं कापून, केसभर उंचवटा दिसला तरी पुन्हा घासून, मास्तरांनी तो लेकरासारखा सांभाळला होता. आता त्यावर काचेच्या तंतूंचं कापड पसरायचं आणि इपॉक्सी या घट्ट होणाऱ्या द्रवानं भिजवून कडक करायचं, एवढंच बाकी होतं. पण कुणी माल देईल तर शपथ! एक दुकानदार म्हणाला, "उद्या तुम्ही पडलात तर माझं नाव येईल." दुसऱ्यानं विचारलं, "घरात कुणी मोठं माणूस आहे का?" मास्तर सदुसष्ट वर्षांचे होते.

पाचव्या दुकानदाराला मास्तरांनी सरळ थाप मारली.

"पाण्याची टाकी बनवायचीय."

"केवढी?"

मास्तरांच्या डोळ्यांपुढे विमानच होतं. "दोन माणसं आरामात बसतील एवढी."

"टाकीत माणसं कशाला बसतील?"

"साफ करायला."

"हां, ते बरोबर," दुकानदार म्हणाला. "सकाळी माल घरपोच."

सकाळी मास्तर हातमोजे आणि ब्रश आणायला बाजारात गेले. परतले तर फाटकाशी रिकामे डबे पडलेले, आणि बायको हसतमुखानं गच्चीवरून उतरत होती. असं हसू त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"अहो, तीन महिने कानीकपाळी ओरडत होते टाकी गळतेय म्हणून. मला वाटलं, तुमच्या कानावरून वारं जातंय. आज टेम्पोवाला म्हणाला, टाकीचं सामान आलंय! लगेच प्लंबरला बोलावलं. काय हात आहे हो त्याचा!"

"सगळं संपवलं?"

"चार थर दिले त्यानं. उरवून काय करायचं, म्हणाला."

मास्तरांनी एक रिकामा डबा उलटा करून पाहिला. "अगं, तो माझा पंख होता!"

"मग टाकी म्हणून कशाला मागवलात?"

पुन्हा माल मागवायला मास्तरांनी त्या पाचव्या दुकानदाराला फोन लावला आणि चरफडत खरं काय ते सांगून टाकलं.

"सर," दुकानदारानं घाईघाईनं विचारलं, "तो माल पंखाला लावलात का?"

"नाही. टाकीला लागला."

"सुटलो बुवा! अहो, टाकीला महागडं इपॉक्सी कशाला घालवायचं म्हणून मी आपला त्याऐवजी स्वस्तातला साधा रेझिन भरून दिला. तुमचं भलं करायला गेलो. पंखात आत काय आहे?"

"थर्माकोल."

"गेला असता! साध्या रेझिननं थर्माकोल विरघळतो. अर्ध्या तासात पंखाची लापशी झाली असती."

मास्तरांनी फोन ठेवला. गॅरेजमध्ये जाऊन त्यांनी पंखावरून दोनदा हात फिरवला, आणि मग बायकोसमोर येऊन उभे राहिले. भांडायच्या तयारीनं तिनं पदर खोचला होता.

"तू आठ महिने वाचवलेस माझे," मास्तर म्हणाले.

"मग? सांगत होते ना, आधी टाकी बघा म्हणून!" नेमकं काय वाचलं ते तिला कळलं नव्हतं, पण आलेलं श्रेय सोडायला ती काही खुळी नव्हती.

संध्याकाळी मास्तर गच्चीवर गेले. टाकी थेंबभरही गळत नव्हती. त्यांनी चष्मा पुसून जवळून पाहिलं. कापडाला एक सुरकुती नाही, आत हवेचा एक बुडबुडा नाही. त्यांनी स्वतः मागे एका कार्यशाळेत सरावासाठी केलेला तुकडा याच्यापुढे गोधडी वाटला असता.

दोन दिवसांनी, पुन्हा घोटाळा नको म्हणून, खरं इपॉक्सी आणि नवं कापड घेऊन दुकानदार जातीनं आला. डब्यावरचं नाव त्यानं तीनदा वाचून दाखवलं. तोवर मास्तरांनी प्लंबरलाही बोलावून घेतलं होतं. प्लंबरनं गॅरेजचं दार ढकललं, पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला, खाली वाकून पाहिलं आणि पिशवी टेकवत विचारलं,

"गळतंय कुठून?"