एकुलता एक मुलगा

बाबांवर मी लिहिलेल्या चार पानांतला स्वल्पविरामही कुणाला हलवता येणार नाही, अशी माझी खात्री होती. बाबा पटकथाकार. तीस वर्षं लोकांच्या कादंबऱ्यांचे सिनेमे करत आले, आणि त्यातली प्रत्येक कादंबरी मी वाचलेली. शोकसभेत त्यांच्यावर पंधरा मिनिटांची फिल्म दाखवायची होती. तिच्यासाठी मजकूर माझ्याहून चांगला कोण देणार?

फिल्म करायला घेतली त्यांच्या सहायकाने. आठवड्याने त्याचा फोन आला. लिखाण सुंदर आहे म्हणाला, किरकोळ बदल केलेत म्हणाला. किरकोळ म्हणजे, दादा आणि मी मिळून त्याने एकच मुलगा केला होता. आणि आई पहिल्याच मिनिटाला वारत होती, बाबांचा एकटेपणा गडद व्हावा म्हणून.

मी तडक त्याचं ऑफिस गाठलं. अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये बाबांच्या उशाशी मी होते. दादा परदेशातून पोचला तो थेट अंत्यविधीला. शेवटच्या सकाळी बाबा म्हणाले होते, "चष्मा पुसून दे, तू धूसर दिसतेयस." ते मला म्हणाले होते. फिल्ममध्ये धूसर कोण दिसत होतं, तर एक मिशीवाला नट!

"ताई, सरांनीच शिकवलंय," सहायक शांतपणे म्हणाला. "एका माणसात भागत असेल तर दोन ठेवायची नाहीत."

"मग मला ठेव."

"नटाच्या तारखा मिळाल्या होत्या, ताई."

आई तरी पेटून उठेल असं वाटलं होतं. भिंतीवरच्या फोटोपुरतीच ती फिल्ममध्ये आहे हे कळल्यावर तिने अल्बम काढले, आणि फोटो निवडण्यात दोन दिवस घालवले.

शेवटी मी एका लेखिकाबाईंना फोन लावला. बाबांनी त्यांच्या कादंबरीतली नायिका गाळून तिचे प्रसंग तिच्या भावाला दिले, तेव्हापासून त्या बाबांशी बोलत नव्हत्या. माझी बाजू त्या नक्की घेणार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तेव्हा तू मला दोन पानी पत्र पाठवलं होतंस. कादंबरी आणि सिनेमा ही वेगळी माध्यमं आहेत, असं समजावलं होतंस."

मी तेव्हा विशीत होते, एवढंच मला सुचलं.

शोकसभेत फिल्म संपून दिवे लागले, तर सभागृह मुसमुसत होतं. लोक रांगेने पुढे आले आणि त्या नटाच्या पाठीवर हात ठेवू लागले. रांगेत आमचे सख्खे काकाही! मी तरातरा निघाले, मुलगी मी आहे हे सगळ्यांसमोर सांगायला. पण तो खरोखरच हुंदके देत होता. त्याचे वडील मागच्या वर्षी गेले, असं कुणीतरी कुजबुजलं. अशा माणसाशी भांडणार तरी कसं? मी त्याला पाणी आणून दिलं.

"बरं झालं तुम्ही जवळ आहात," शेजारी उभ्या असलेल्या एक बाई मला म्हणाल्या. "त्याला आता कुणीच नाही ना."

"हो ना," मी म्हटलं. "आईसुद्धा नाही."

पहिल्या रांगेतून आई माझ्याकडे बघत होती.