शिंदेअण्णांची बैठक

गेल्या रविवारी सकाळी आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनी बनशंकरी भागातल्या एका घरात फरशीभर रांगोळी चाळून पसरली. घर त्यांच्याच शिक्षकांचं, शिंदेअण्णांचं होतं.

ही अण्णांची संशोधनाची पद्धत. भुकटीवर दिवसभर पावलं उमटतात, संध्याकाळी मुलं त्यांचा नकाशा काढतात. माणसं घरात खरोखर कुठे वावरतात ते त्यात दिसतं. "विचारू नका, बघा," अण्णा बजावतात. "विचारलं की माणूस सभ्यपणे खोटं बोलतो." गेल्या वर्षी सर्जापूर रोडवरच्या एका बाईंनी मुलांच्या हातात झाडू दिला आणि फरशी लख्ख होईपर्यंत कुणाला बाहेर सोडलं नाही. त्यानंतर घर द्यायला कुणी तयार होईना, म्हणून यंदा अण्णांनी स्वतःचं दिलं.

कॉलेजात अण्णा माझ्या शेजारच्या टेबलाशी बसतात. काहीही सांगितलं की कानडीत 'बरं' म्हणून पुरावा मागतात, "सरी. पुरावा?" चहा आलाय म्हटलं तरी उठून कप बघतात.

घर त्यांनी स्वतः आखलेलं. बैठकीची खोली बाकी घरापेक्षा दोन पायऱ्या खाली. कठडा नाही, कारण कठड्याने रेषा बिघडते. तिथे खिडकीकडे तोंड करून ते रोज अंधार पडेपर्यंत एकटे बसतात. "सुमनला ही खोली कधी पटलीच नाही," बायकोबद्दल ते एकदा मला म्हणाले. "हल्ली येऊन बसणंही सोडलंय. असो." याचा पुरावा मी मागितला नाही.

सोमवारी मुलांनी नकाशा भिंतीवर लावला. अनन्या नावाची मुलगी तो समजावून सांगत होती. मी मागे उभा होतो.

"सुमनअक्कांची पावलं स्वयंपाकघरातून पायरीच्या कडेपर्यंत येतात, सर. तिथे थांबतात. मग परत जातात."

"एकदा चुकून आली असेल."

"ठसे एकावर एक आहेत."

"मी तिथेच होतो. मला दिसली नाही."

"तुमच्या खुर्चीची पाठ तिकडे आहे, सर."

कुणीतरी हसलं.

"आम्ही त्यांना विचारलं," अनन्या म्हणाली. "गुडघे दुखतात म्हणाल्या. उतरताना धरायला काही नाही. तुम्हाला सांगू नका म्हणाल्या."

"विचारायचं नाही असं ठरलं होतं," अण्णा म्हणाले. मग तास संपेपर्यंत ते नकाशासमोर उभे राहिले. त्या गटाला त्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

कठडा बसवायला माणूस पुढच्या आठवड्यात येणार आहे. तोवर अण्णांची खुर्ची स्वयंपाकघरात आहे.