माझ्या प्लास्टरवर ॲसिड

सूनबाईच्या हातात ॲसिडचा कॅन दिसला आणि मी मनाशी ठरवलं, मी जिवंत असेपर्यंत माझ्या प्लास्टरवर ॲसिड पडणार नाही. ठरवलं एवढंच. पुढचं सगळं आपोआप झालं.

मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तरांच्या मर्जीविरुद्ध. पण थापी हातात धरली ती केस पिकेपर्यंत सोडली नाही. माझ्या प्लास्टरवर हात फिरवून लोक म्हणत, काच आहे काच. (बहुतेक वेळा मीच म्हणत असे, पण लोक माना डोलवत.)

आमच्या घरामागे पोहण्याचा जुना हौद होता. सूनबाई त्याला पूल म्हणते. ती पोरांना पोहायला शिकवते. शाळेतली नोकरी सोडून तिने घरीच वर्ग काढायचं ठरवलं, तेव्हा हौद भेगाळलेला होता. मी तो खरवडला आणि आतून पांढरं प्लास्टर केलं. पोरांची नावं आली. पुढच्या महिन्यात पहिल्या रविवारी वर्ग सुरू. त्या दिवशी आईबाप येणार, पाणी बघणार आणि मगच पोरं आत सोडणार. पाणी गढूळ दिसलं तर वर्ग पहिल्याच दिवशी बुडाला. सोडलेली नोकरी परत मिळणार नव्हती. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

हौद भरला त्या दिवशी तिने कॅन आणला.

"बाबा, नवं प्लास्टर पाण्यात चुना सोडतं. म्हणून महिनाभर रोज मगभर ॲसिड बादलीतल्या पाण्यात मिसळायचं आणि कडेकडेने ओतायचं. भिंतीही रोज ब्रशने घासायच्या."

"माझं प्लास्टर काही सोडत नाही."

"सगळ्यांचंच सोडतं, बाबा."

"सगळ्यांचं सोडत असेल."

ती हसली. तिला वाटलं, मी विनोद केला. (मी विनोद करत नाही.)

ॲसिड सिमेंट खातं. हे गवंड्याच्या पोराला चालता येण्याआधी कळतं. आता स्वतःच्या हाताने केलेल्या कामाला कोणी रोज मगभर विष पाजतं का? पण सुनेशी वाद घालणं मला शोभत नाही. मी म्हटलं, "तू पोरांच्या आईबापांना भेटायला जातेस, ते जा. ॲसिड मी ओततो."

"बाबा, तुम्ही?"

"हौद माझा आहे."

ती इतकी खूश झाली की मला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

मग रोज सकाळी मी हातमोजे घालायचो, चष्मा लावायचो, नाकाला फडकं बांधायचो आणि हौदाभोवती फिरत बादलीभर साधं पाणी ओतायचो. मगभर ॲसिड शेडमधल्या झाकणाच्या डब्यात जमा व्हायचं. शेजारी कुंपणावरून बघायचे. एकाने तर विचारलं, "फार धोक्याचं काम आहे का हो?" मी म्हटलं, "सवय लागते."

सूनबाई काचेच्या नळीत हौदाचं पाणी घेऊन त्यात थेंब टाकायची. रंग नारिंगी-लाल आला की पाणी ठीक. आमचा रंग वांग्यासारखा यायचा.

"बाबा, चुना उतरतच नाही. उद्यापासून दोन मग ओता."

मी दोन मग साठवले. मग तीन. पाणी दुधाळ होत गेलं. आधी हौदाचा तळ दिसेना, मग पायऱ्या दिसेनात. मी म्हटलं, "नव्याची नवलाई आहे. बसेल खाली." भिंती घासण्याचंही मी मनावर घेतलं नाही. काचेला कोणी ब्रश लावतं का?

अशात एक दिवस आमची ही पदराला हात पुसत आली. चेहरा उजळलेला.

"अहो, न्हाणीघर बघा. लग्न होऊन आले तेव्हासुद्धा एवढं चकचकीत नव्हतं!"

मी बघितलं. फरशा आरशासारख्या झाल्या होत्या. फरशांमधल्या फटी मी भरल्या होत्या, त्या मात्र रिकाम्या झाल्या होत्या. म्हणजे ॲसिड सिमेंट खातं हे माझं म्हणणं खरं ठरलं होतं आणि ते मला कोणालाच सांगता येत नव्हतं. माणसाच्या नशिबी असं यश येऊ नये.

त्याच दुपारी सूनबाईने औषधवाल्याला फोन लावला. हौदाची औषधं विकणारा तो.

"भेसळ करता तुम्ही! तीन तीन मग घालूनसुद्धा काही फरक नाही. ॲसिड विकता की नळाचं पाणी?"

मी खुर्चीत जरा खाली सरकलो.

औषधवाला फोनवर भांडत बसला नाही. स्कूटर घेऊन थेट आला. जाड माणूस, कपाळाला घाम.

"ताई, वडिलांपासूनचा धंदा आहे. काहीही म्हणा, पण भेसळ म्हणू नका. तुमचा कॅन आणा."

कॅन आला. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि मागच्या दाराच्या पायरीवर थोडंसं ओतलं. ती पायरी मी केलेली. फसफस करून फेस आला.

"अहो, पायरी!" मी ओरडलो.

"बघा ताई. आता सांगा, हे पाणी आहे?"

सूनबाई गोंधळली. "मग हौदात काहीच का होत नाही?"

"हौदात जात नसेल."

मी आभाळाकडे बघत होतो. ढग वगैरे काही नव्हते. तेवढ्यात ही दारातून म्हणाली, "कोणतं ॲसिड? शेडमधल्या डब्यातलं? फार छान आहे हो! अजून डबाभर शिल्लक आहे, बाहेरची मोरी राहिलीय माझी."

औषधवाल्याने कपाळ पुसलं. "ताई, भेसळ माझ्या दुकानात नाही. तुमच्या घरात आहे."

सूनबाई माझ्याकडे वळली.

"बाबा, तुम्ही रोज काय ओतत होता?"

"पाणी."

"पाण्यात पाणी?"

"स्वच्छ होतं."

ही पदर तोंडाला लावून आत गेली. औषधवाला मात्र हसला नाही. म्हणाला, "आजोबा, हौदभर पाण्यात मगभर ॲसिड गेलं तर ते सुटलेल्या चुन्यातच संपतं. भिंतीला खायला शिल्लकच राहत नाही. घातलं नाहीत तर तोच चुना भिंतीवर खरपुड्यांसारखा बसतो. हात लावून बघा."

मी वाकून पाण्याखालच्या पायरीवर हात फिरवला. पॉलिशपेपर.

सूनबाई हौदाच्या काठावर बसली होती. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ती हळूच म्हणाली, "बाबा, मी नोकरी सोडलीय."

मी ब्रश उचलला.

त्यानंतर रोज खरं ॲसिड पडलं, तिच्यासमोर. फिल्टर दिवसभर घरघरत होता. मी छातीभर पाण्यात उभा राहून भिंती घासत होतो. जमेल तिथली खरखर पॉलिशपेपरने काढली. नळीतला रंग वांग्यावरून गुलाबीवर आला, मग तांबडा झाला. शनिवारी संध्याकाळी सूनबाईने नळी उजेडात धरली आणि माझ्या हातात दिली. नारिंगी-लाल.

रविवारी पाणी असं होतं की तळाला पडलेलं नाणं छापा की काटा ते वरून सांगावं. आईबाप आले, त्यांनी वाकून पाणी बघितलं. पोरं धपाधप आत पडली. एकही पोर परत गेलं नाही. सूनबाईची शिट्टी वाजली आणि वर्ग सुरू झाला.

इस्त्रीचा शर्ट घालून मी पायऱ्यांपाशी उभा होतो. सहज. कोणी काही विचारलंच तर असावं म्हणून.

एका पोराची आई खाली वाकली. पायरीवरून हात फिरवला, मग भिंतीवरून, आणि उरलेली खरखर लागली तशी बोटं चोळली.

"हे प्लास्टर कुणी केलंय हो?"

मी कॉलर सारखी केली. सूनबाई मोठ्या अभिमानाने म्हणाली, "आमच्या बाबांनी. एकट्याने."

"अय्या, आजोबांनी घरच्या घरी केलं होय?" ती बाई माझ्याकडे बघून मनापासून हसली. "मग फारच छान आहे! मला वाटलं, एखाद्या गवंड्याने केलंय."