प्लंबरचा अंगठा आणि बाईंचं मांजर

यातला शब्द न् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी बेसिनच्या भोकातून वाहून जावो, आणि ती काढायला हाच प्लंबर येवो!

तर हा प्लंबर कामाला वाघ, पण इंग्रजी म्हटलं की शेळी. एका मोठ्या हॉटेलातली पक्की नोकरी दारात येऊन उभी होती. पण आधी मुलाखत, तीही इंग्रजीत. तिथला साहेब म्हणे एक प्रश्न हमखास विचारतो : हातून झालेली एक चूक सांगा, आणि काय केलं असतं तर ती टळली असती? म्हणून प्लंबर शाळेतून रिटायर झालेल्या इंग्रजीच्या बाईंकडे जायचा. फी म्हणून बाईंच्या घरातले गळके नळ दुरुस्त करायचे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या टेबलाजवळच्या बेसिनची पाळी होती.

"घडून गेलेल्याचं जर-तर," बाई म्हणाल्या. "आधी इफ आय हॅड, मग वुड हॅव, आणि दोन्हीकडे क्रियापदाचं तिसरं रूप. बोल!"

"बाई, आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं. झालंच नाही त्याचा विचार कशाला?"

"उद्या साहेबाला आत्याबाईच्या मिशा सांगणार आहेस? बोल म्हणते ना!"

त्या 'बोल'मध्ये सगळ्या शाळेला चळाचळा कापायला लावणारी जरब होती. मेन व्हॉल्व्ह बंद करायचं राहिलं बाजूला, प्लंबरनं घाबरून पाना फिरवला. नळ सुटून हातात आला आणि भिंतीतली धार थेट बाईंच्या चष्म्यावर. त्यानं झटकन पाइपात अंगठा खुपसला.

"बाई, मेन व्हॉल्व्ह कुठाय?"

"चूक झाली ना?" चष्मा पुसत बाईंनी विचारलं.

"झाली! पण व्हॉल्व्ह..."

"मग आधी चूक सांग. इंग्रजीत. इतकी ताजी चूक परत मिळायची नाही."

"अहो, घरात पाणी होतंय!"

"पाणी पुसता येतं रे. चुकीची सवय पुसता येत नाही."

आता खरी गोम अशी, की प्लंबर क्रियापदाची रूपं बोटांवर मोजायचा. सुरुवात अंगठ्यापासून.

"इफ आय हॅड..." म्हणत त्यानं सवयीनं हात उचलला. फवारा! परत अंगठा आत. "इफ आय हॅड क्लोज..."

"तिसरं रूप!"

पुन्हा हात वर, पुन्हा फवारा. बाईंनी पुसलेला चष्मा परत न्हाला. चपला पाण्यावर निघाल्या, एक बाहेर, एक स्वयंपाकघराकडे.

टेबलाजवळच्या खुर्चीत बाईंचं मांजर बसलं होतं. गुबगुबीत, पांढऱ्या मिशांचं, कधी आवाज म्हणून न काढणारं. बाई मांजरालाही अहो-जाहो करायच्या.

"अहो, पाय वर घ्या, भिजाल!"

मांजरानं पाय वर घेतले. प्लंबरनं त्याच्याकडे बुडत्या माणसासारखं बघितलं. मांजरानं आधी बाईंच्या धुरकट चष्म्याकडे नजर टाकली, मग हळूच खाली उतरलं, पाण्यातून पावलं टाकत स्वयंपाकघरात गेलं आणि ओट्याखालच्या कपाटासमोर थांबलं. एकदा कपाटाकडे बघितलं, एकदा प्लंबरकडे.

प्लंबर अंगठा सोडून धावला. कपाट उघडलं. डब्यांच्या मागे व्हॉल्व्ह! गरागरा फिरवला, धार थांबली, जीव भांड्यात पडला. आणि त्या भरात तोंडातून निघून गेलं, "इफ आय हॅड क्लोज्ड द व्हॉल्व्ह, द हाउस वुड नॉट हॅव फ्लडेड!"

"शाब्बास!" घोटाभर पाण्यात उभ्या राहून बाईंनी टाळ्या वाजवल्या.

"पण बाई, तुम्ही व्हॉल्व्ह आधीच दाखवला असता तर..."

"मला माहीत असता तर दाखवला नसता का?" असं म्हणून बाईंनी त्याच्या हातात फडकं दिलं.

दुसऱ्या दिवशी साहेबानं तोच प्रश्न विचारला. प्लंबरनं अंगठा खिशात दाबून धरला आणि वाक्य घडाघडा म्हटलं. नोकरी लागली.

आता कवळी प्रत्येकाला प्यारी असते, म्हणून सांगते. एक गोष्ट मी पदरची घातली. बाईंकडे मांजर नाही. कधीच नव्हतं. ते बाईंचे यजमान. घरातही वाक्य न् वाक्य तपासलं जातं म्हणून त्यांनी बोलणंच सोडलंय. ऐन परीक्षेत विद्यार्थ्याला उत्तर दाखवलं हे बाईंना कळलं तर घरात राहायची सोय उरायची नाही. "माझं नाव तेवढं घालू नका," असं त्यांनी मला विनवलं.

म्हणजे, खुणेनंच.