टोबीची बोटं आणि कटहलचा चीक

"हात नको लावू!" विजयाबाई दारातूनच ओरडल्या. पण तोवर टोबीने कटहल, म्हणजे भाजीचा कच्चा फणस, चिरून दोन तुकडे केले होते, आणि त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं चिकाने एकमेकांना घट्ट चिकटली होती.

नेमकी बॉल वळवायची बोटं! एकोणीस वर्षांचा टोबी इंग्लंडमधला ऑफस्पिनर. तिकडे थंडीत क्रिकेट बंद, म्हणून तो भिलाईच्या एका अकादमीत शिकायला आला होता आणि रेल्वेतून रिटायर झालेले पुंडलिकराव आणि त्यांची बायको विजयाबाई यांच्या वरच्या खोलीत राहत होता. आज शेजारच्या जामुल गावच्या टीमशी मॅच होती. त्याच्या काउंटी टीमचे कोच तिकडे पहाटे उठून मोबाईलवर ती बघणार होते, आणि खेळ पसंत पडला तर त्याला आयुष्यातला पहिला पगारी करार देणार होते. त्या बोटांना जपायचं म्हणून विजयाबाईंनी सारी थंडी त्याला साधा ग्लाससुद्धा विसळू दिला नव्हता. पोराला त्याचीच लाज वाटायची. आज त्या दूध घ्यायला दारात गेल्या आणि त्याने मदतीची संधी साधली. हाताला आधी तेल लावायचं असतं, हे त्याला कोण सांगणार?

"कावून केलं रे बाप्पा असं? मले विचारायचं तरी!"

"काकू, मदद," टोबी केविलवाणं हसला.

"आई, दस बजे मॅच है!" त्यांच्या लेकीने, प्रांजलीने, आठवण करून दिली.

विजयाबाईंनी वाटीभर तेल ओतलं. बोटं सुटली, पण चीक काही सुटेना.

"सरका, इंजिनाचं ग्रीस काढलं म्या, हे काय घेऊन बसले!" पुंडलिकरावांनी मिट्टीतेल, म्हणजे रॉकेल, आणलं. त्याचा वास जाईना म्हणून लिंबू चोळलं. लिंबाने झोंबलं म्हणून बेसन लावलं. उरलेला चीक काढायला प्रांजलीने टाचा घासायची वजरी आणली. अखेर चीक निघाला, पण बोटं अशी गुळगुळीत झाली की हातातला चहाचा कपसुद्धा निसटला.

"कोणाले सांगायचं नाही," विजयाबाईंनी दम दिला. "सांगितलं तर त्याचं नशीबच बुडते. अन् माह्या कटहलापायी!"

स्कूटरवर टोबीला मागे बसवून पुंडलिकराव सुसाट निघाले. मागून विजयाबाई आणि प्रांजली ऑटोने पोचल्या, तर टोबी बॉल टाकायलाच उभा होता.

पहिला बॉल पडला तो सरळच गेला. तसूभरही वळला नाही. विजयाबाईंनी डोळे मिटले. तेवढ्यात मैदानावर एकच गलका झाला.

"आई, आऊट!"

झालं होतं असं, की "आमचा टोबी बॉल हातभर वळवते" अशी बढाई पुंडलिकराव महिनाभर भिलाईच्या पावर हाउस बाजारात मारत फिरले होते. जामुलवाल्यांनी आठवडाभर वळणाऱ्या बॉलचाच सराव केला होता. त्यांची बॅट वळणाच्या वाटेने आत जायची, टोबीचा बॉल सरळ बाहेरून जायचा, आणि ऑफस्टंप आडवा! वळवायचा जीव तोडून प्रयत्न करावा आणि बॉल वळू नये, यापेक्षा चांगलं सोंग कुणाला जमणार? पाच जण तसेच गेले. विजयाबाई खुर्चीवर उभ्या राहून टाळ्या पिटत होत्या.

संध्याकाळी कोचचा व्हिडिओ कॉल आला. सगळे टोबीभोवती गोळा झाले. प्रांजली मराठीत सांगत होती.

"आई, ते म्हणून राहिले, वळवणारे बहुत हैं, पण शेवटपर्यंत वळणार असं वाटून सरळ जाणारा बॉल पहिल्यांदा पाहिला. करार पक्का!"

विजयाबाईंनी टोबीला पोटाशी धरलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

"अन् तिकडं सराव सुरू होऊन राहिला, म्हणून परवाच्या विमानाने बोलावलं आहे."

"परवा?" विजयाबाईंचे हात सैल पडले. सारी थंडी देवाकडे जे मागितलं ते मिळालं होतं, आणि आता ते कुणीतरी परत घ्यावं असं त्यांना वाटलं. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि मोबाईल ओढून घेतला.

"ओ साहेब, ऐका! ह्याले काही येत नाही! कटहलच्या चिकानं बोटं बिघडली होती, म्हणून वळला नाही बॉल! अजून कच्चा आहे, एक वर्ष राहू द्या इथंच!"

साहेबांना एक अक्षरही कळलं नाही. त्यांनी टोबीकडे पाहिलं.

रोज हीच बोली ऐकणाऱ्या टोबीला सगळं कळलं होतं. त्याचेही डोळे भरले होते. तो इंग्रजीत म्हणाला, "आभार मानताहेत."