पत्र्यावरचा दात

शनिवारी सकाळी कोथरूडच्या सोसायटीत सायकल शिकताना आठ वर्षांची मुक्ताई खांबावर आपटली आणि तिचा पुढचा दात अर्धा तुटला. दुधाचा नव्हे, गेल्याच वर्षी आलेला, कायमचा. उरलेल्या अर्ध्यात मधोमध लाल ठिपका दिसत होता. तिच्या आईने, जयाने, दातांच्या डॉक्टर खुशनुमा शेख यांना फोन लावला. त्या म्हणाल्या, तो ठिपका म्हणजे दाताचा जीव, उघडा पडलाय. वाचवायचा तर लगेच या, आणि तुकडा मिळाला तर दुधात घालून आणा.

तुकडा मिळाला. जयाने तो वाटीतल्या दुधात टाकला आणि ती मुक्ताईचा रक्ताळलेला फ्रॉक बदलायला आत गेली. बाहेर आली तर वाटीत नुसतं दूध.

"नाना, यातला दात?"

सासरे महिपतीनाना प्रसन्न होते. गावाकडे पोरांचा पडलेला दात कौलांवर टाकायची रीत. एवढ्या शिकलेल्या सुनेने तो आधी दुधात घातलेला पाहून त्यांना गहिवरून आलं होतं. पुढचं त्यांनी उरकलं होतं.

"इथं कौलं कुठली? पार्किंगच्या पत्र्यावर टाकला. एका फेकीत गेला बघ."

नवरा हडपसरच्या ऑफिसात अमेरिकेशी बोलत होता. सगळं मेल करून ठेव, असं त्याने फोनवर कुजबुजत सांगितलं. जयाने वॉचमनची शिडी लावली. नानांनी ती धरली. तळमजल्यावरच्या श्यामलाताई खिडकीत आल्या.

"पत्रे नवे आहेत. माणसांसाठी नाहीत."

वर जयाला दात सापडला. मग आणखी एक. मग तिसरा. सोसायटीत आजोबा काही एकटे नानाच नव्हते. निवडत बसायला वेळ नव्हता. तिने तिन्ही दुधात टाकले आणि सगळे रिक्षात बसले.

डॉक्टरांनी दात बधिर केला, ठिपका साफ करून त्यावर औषध भरलं. मग वाटीत डोकावल्या.

"मुलं किती तुम्हाला?"

"ही एकच," जया म्हणाली.

डॉक्टरांनी दोन दुधाचे दात बाजूला ठेवले, तिसरा तुकडा धुऊन लावून पाहिला. बरोब्बर बसला. तो चिकटवून त्या म्हणाल्या, दात जगेल असं वाटतंय, महिन्याने दाखवा. नानांनी उपरण्याने डोळे पुसले.

घरी परतताना जयाच्या मुठीत कागदाची पुडी होती. पार्किंगपाशी ती थांबली.

"कुणाच्या तरी लेकरांचे आहेत हो, नाना."

श्यामलाताईंची खिडकी बंद होती. जयाने इकडेतिकडे पाहिलं आणि एक दात वर फेकला. तो पत्र्याच्या कडेला आपटून पायाशी आला.

"असं नाही, सूनबाई," नाना हळूच म्हणाले. "मनगटातून टाक."