अंबुबाईच्या परसातला काजू

झाडाला पहिला काजू धरला, तो अंबुबाईनं दातांनी फोडला. भुईमूग, करडई, चिंचोका, आजवर हाती आलं ते तिनं दातांनीच फोडलेलं. काजू कच्चा फोडायचा नसतो हे ठाणाकुशनूरात तिला कोण सांगणार? गावात काजू यायचा तो सोललेला, लग्नातल्या शिऱ्यावर, तोही पाव्हण्यांच्या ताटापुरता.

पाच वर्षांमागं तिच्या महांतेशनं औरादहून ते रोप आणून परसात लावलं आणि आठवड्यात पुण्याला कंपनीत गेला. जाताना म्हणाला, "हे फळाला आलं की खायला येतो, माय." पोरं जाताना असंच काहीतरी बोलतात. माय ते धरून बसते. मुरमाड जमीन, आटलेली विहीर; अंबुबाईनं भांड्यांचं पाणी घालून झाड जगवलं. झाड चिवट, मेलं नाही. मधे महांतेश आला तो लग्नाला, आणि दोन दिवसांत बायको घेऊन गेला. पुढं त्याला लेक झाली. आजीनं अजून तिचं तोंड पाहिलं नव्हतं. फोन केला की एकच उत्तर, सुट्टी नाही.

म्हणून बोलावणं धाडण्याआधी काजू खराच आहे का, हे तिला बघायचं होतं. टरफलातलं काळं तेल ओठांना लागलं आणि सकाळपर्यंत तोंडाचा भोपळा झाला. तिच्या नवऱ्याचा, पिराप्पाचा, जन्म मेंढरांमागं गेलेला. त्यानं टरफल हुंगलं.

"हे तर बिब्ब्याचं भावंड हाय. आपण बिब्बा मेंढराच्या खुराला लावतो. तू तोंडाला लावलीस."

तीळ-खोबऱ्याचा लेप झाला. बघायला गाव लोटलं. गुंडेराव मास्तरही आले आणि काजू भाजून दगडानं फोडायचा असतो म्हणाले. पाच वर्षं ते याच झाडाजवळून शाळेत जात होते. तोंड उघडलं ते आज.

तरी अंबुबाई हटली नाही. झाड फळाला आलं हे लेकाला मीच सांगणार म्हणून नवऱ्याला ओढत एसटीडीच्या खोक्यात घेऊन गेली. तोंडातून नुसतं ब्वा ब्वा. शेवटी पिराप्पानं फोन हिसकावला.

"तुझ्या मायचं तोंड वाकडं झालंय. बोलता येईना. त्या झाडाचा..."

लाइन तुटली. पुन्हा लागलीच नाही.

तिसऱ्या दिवशी महांतेश दारात, एकटाच. लकवा झालेली माय बघायला आलेला, आणि माय निम्मी सूज उतरून चुलीवर काजू भाजत बसलेली. आधी तो रडला, मग चिडला. मग कट्ट्यावर बसून खरं बोलला. लकव्याला कंपनी सुट्टी देत नाही. मायबाप मेलं तरच देते, चार दिवस.

"मंग तू काय सांगितलास?" पिराप्पानं विचारलं.

"माय गेली म्हणलो."

अंबुबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"आन मी खरंच गेले तर काय सांगून येशील रं?"

लेकाची कीव येऊन पिराप्पा म्हणाला, "तवा माझं नाव सांग की. मी हाय अजून."

"अप्पा, तुम्ही मागल्या वर्सीच गेलात," महांतेश खाली बघत म्हणाला. "रूपाच्या बाळंतपणाला. बायको बाळंत व्हायलीय म्हणलं तर सायेब हसलं होतं."

दोन म्हातारी जिवंत माणसं, पण त्या कंपनीत ती मेली होती म्हणून त्यांच्या लेकाला माणसासारखं वागवलं होतं.

"टक्कल करून जावं लागंल," महांतेश म्हणाला. "न्हाईतर सायबाला पटायचं न्हाई. तुमच्या टायमाला बी केलतो."

"न्हाव्याला कामून बोलवायलास? गावभर व्हईल." पिराप्पा उठला आणि लोकर कातरायची कातर घेऊन आला. "ये. झाडाखाली बस."

मेंढराला धरावं तसं त्यानं लेकाचं डोकं गुडघ्यांत धरलं. माय जिवंत असताना तिच्या नावानं केस उतरत होते आणि ती समोर बसून दगडानं काजू फोडत होती. पहिला गर तिनं लेकाच्या तोंडात घातला.

"खा," सुजल्या ओठांनी ती म्हणाली. "फळाला आलंय."